आधी पाय, मग बूट

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजांचे मुकुट असतात, तलवारी असतात, नाणी असतात. पायातलं मात्र काही नसतं. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अमक्या सैन्याने इथून तिथे कूच केलं, हे फळ्यावर बाण काढून दाखवायचे. त्या बाणाएवढं अंतर जे लोक पायी चालत गेले त्यांच्या पायात काय होतं, हे पुस्तकात नव्हतं आणि कुणा मुलाने कधी विचारलंही नाही.

विचारलं ते परवा नातीने. तिला बूट घ्यायचेत. कॉलेजला रोज चालतील, रविवारी ट्रेकलाही चालतील, टिकतील आणि चावणार नाहीत, असा एकच जोड तिला हवा आहे. दुकानात शंभर प्रकार बघून ती गोंधळून आली आणि म्हणाली, "आजी, तू इतिहासाची ना? मग बुटांचाही काही इतिहास असेल की!" आहे तर! चांगला पाच हजार वर्षांचा आहे. आणि मंडळी, तो वाचताना मला असं दिसलं, की तिचा प्रश्न मुळीच साधा नाही. 'एकच जोड सगळ्या कामांना' या प्रश्नापायी लोकांचे जीव गेले आहेत. म्हणून हा लेख. नातीसाठी आहेच, पण घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

सुरुवात एका प्रेतापासून करावी लागेल. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात दोन गिर्यारोहकांना एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. 'ओट्झी' या नावाने तो आता प्रसिद्ध आहे. त्याच्या पायातलं बघा: तळाला अस्वलाचं कातडं, वरून हरणाचं, आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी आणि त्या जाळीत ठासून भरलेलं सुकं गवत. ऊब आणि मऊपणा दोन्ही त्या गवताचा. झेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावच्या एका प्राध्यापकांनी, पेत्र ह्लावाचेक यांनी, अगदी तसेच जोडे बनवून डोंगरात घालून पाहिले; ते चांगले उबदार आणि चालायला सोयीचे निघाले. (झ्लिन म्हणजे १८९४ साली जिथे 'बाटा' कंपनी सुरू झाली ते गाव. आपल्याला बाटा म्हणजे घरचीच वाटते, पण मूळ तिथलं.)

म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला बुटाचं मर्म कळलं होतं. तळ जाड, वरचा भाग मऊ, आणि आतलं पायाच्या आकाराने दबणारं. त्याने स्वतःच्या, किंवा घरच्या कुणाच्या पायाकडे बघून जोडा केला असणार. बिघडलं ते पुढे, जेव्हा जोडे हजारांनी बनू लागले तेव्हा.

रोमन सैनिक 'कालिगा' नावाचे जोडे घालत. पट्ट्यापट्ट्यांचे, हवा खेळती राहील असे, आणि तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. खिळ्यांनी चामडं झिजत नसे आणि मातीत पकड मिळे. एका सेनापतीच्या लहान मुलाला छावणीत असे छोटे जोडे घालून फिरवत, म्हणून सैनिक त्याला लाडाने 'कालिगुला', म्हणजे छोटा बूट, म्हणू लागले. तो पुढे सम्राट झाला आणि चांगलाच कुप्रसिद्ध झाला, पण नाव बुटाचंच राहिलं! तळाला खिळे ठोकायची ही युक्ती मात्र जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी ७५ वर्षांनी, १ मे १९९९ रोजी सापडला, तेव्हाही त्याच्या उजव्या पायात खिळे मारलेला चामड्याचा बूट होता.

आता एक गंमत ऐका. बालवाडीतली मुलं डाव्या पायातला बूट उजव्यात घालून येतात आणि बाई ते बदलून देतात. पण सुमारे १६०० सालापासून पुढची दोनशे वर्षं युरोपात बदलून द्यायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही बूट सारखेच! उंच टाचेची फॅशन आली, आणि टाचेच्या बुटासाठी डाव्या-उजव्याचे जुळणारे वेगवेगळे साचे करणं कारागिरांना अवघड होतं. (ज्या लाकडी साच्यावर बूट ओढून शिवतात त्याला कलबूत म्हणतात.) मग केला एकच सरळ साचा, दोन्ही पायांना. पाय वाकडे, बूट सरळ. घालून घालून पायाने बुटाला वाकवायचं, किंवा बुटाने पायाला. ज्या काळात तिकडे दुर्बिणी निघाल्या, गुरुत्वाकर्षणाचे नियम लिहिले गेले, त्या काळातले हे सगळे विद्वान एकसारखे डावे-उजवे बूट घालून हिंडत होते. डावा-उजवा वेगळा असणं सर्रास झालं ते एकोणिसाव्या शतकात.

त्यानंतरही पाय बघून बूट करणं हे लष्करात घडायला विसावं शतक उजाडलं. अमेरिकन लष्करात एडवर्ड मन्सन नावाचे डॉक्टर होते. कवायतीत आणि कूच करताना लंगडणारे सैनिक ते बघत. शत्रूची एक गोळी न लागता, नुसत्या बुटांनी जायबंदी झालेले जवान. लष्कराने एक मंडळ नेमलं. त्या मंडळाने चार वर्षं सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासले, क्ष-किरणांनी बुटाच्या आतल्या हाडांचे फोटो काढले. १९१२ साली मन्सन यांचं पुस्तक आलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'सैनिकाचा पाय आणि लष्करी बूट'. नावातला क्रम बघा. आधी पाय, मग बूट. माझ्या लेखाचं नाव तिथूनच उचललं आहे.

त्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं. उभं राहिलं की पाय लांब होतो आणि पसरतो. पाठीवर ओझं घेतलं की आणखी पसरतो. आणि बुटांचे साचे तर बसलेल्या माणसाच्या, आरामातल्या पायाला बेतलेले! मन्सननी नवा साचा केला. चवड्याला रुंद, आतली बाजू सरळ म्हणजे अंगठा मोकळा राहील अशी, आणि टाचेला घट्ट. लष्कराने नियम केला: माप घेताना सैनिकाने मोजे घालून, पाठीवर ४० पौंडांचं ओझं घेऊन, पूर्ण वजन त्या पायावर टाकून उभं राहायचं. नवे बूट मळून घ्यायची पद्धतही ठरवून दिली. बूट घालून घोट्याखाली येईल एवढ्या उथळ पाण्यात पाच मिनिटं उभं राहायचं आणि मग सपाट जमिनीवर तासभर चालून ते पायातच वाळवायचे. चामडं त्या पायाचा आकार घेतं. आपल्याकडे नवी कोल्हापुरी तेल पाजून मऊ करतात, रोज थोडी थोडी घालून पायाच्या सवयीची करतात, त्याचीच ही पलटणी आवृत्ती म्हणायची. कोल्हापुरी बनवणाऱ्या हातांना हे शिकवायला कुठलं मंडळ नेमावं लागलं नव्हतं.

हे एकीकडे होत असताना १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत काय झालं, तेही सांगते. गुडघाभर गार चिखलात उभं राहून, ओल्या आणि घट्ट बुटांत पाय सडू लागले. एकट्या ब्रिटिश सैन्यातले सुमारे २०,००० जण त्या पहिल्या हिवाळ्यात या 'ट्रेंच फूट'ने आजारी पडले. आपल्या हिंदी पलटणीही त्याच चिखलात होत्या. त्यावर सापडलेला उपाय नव्या बुटाचा नव्हता. रोज मोजे बदला, पाय कोरडे करा, तेल चोळा, नाड्या आवळू नका, एवढाच होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पायाची अर्धी काळजी बुटाच्या बाहेर घ्यायची असते.

आता येते नातीच्या 'एकच जोड'कडे.

१९३० च्या दशकात आल्प्समध्ये चढाईला जाणारे लोक दोन जोड नेत. डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत जड, खिळ्यांचे चामडी बूट. खिळे बर्फात आणि मातीत रुततात, पण खडकावर सरकतात. शिवाय लोखंड थंडी थेट पायात उतरवतं. म्हणून कातळ आला की ते काढून फेल्टच्या तळाचे हलके बूट घालायचे. हे खडकाला छान धरतात, पण थंडीत आणि ओल्यात अगदी कुचकामी. सप्टेंबर १९३५ मध्ये इटलीत पुंता राझिका नावाच्या शिखरावर एक तुकडी चढत होती. तिच्यात व्हिताले ब्रामानी हा मिलानचा गिर्यारोहक होता. वर असताना हिमवादळ आलं. हलक्या बुटांनिशी धड उतरताही येईना आणि थंडीपुढे टिकताही येईना. सहा जण गेले. ब्रामानी वाचला.

मिलानमध्ये त्याचं गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान होतं. खडक, बर्फ, चिखल तिन्हीला चालेल असा एकच तळ कसा करावा, याचाच ध्यास त्याने पुढे घेतला. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टणक आणि टिकाऊ करायची रीत शोधली होती, आणि त्याचे टायर गाड्यांना लागत होते. ब्रामानीने टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीची मदत घेतली आणि १९३७ मध्ये खोल खाचा असलेला रबरी तळ बाजारात आणला. नाव ठेवलं 'कारारमातो', म्हणजे रणगाडा, कारण नक्षी रणगाड्याच्या पट्ट्यासारखी. आणि स्वतःच्या नावाची पहिली अक्षरं जोडून मुद्रा केली: व्हिब्राम. ३१ जुलै १९५४ रोजी दोन इटालियन माणसं जगात पहिल्यांदा के-टू शिखरावर पोचली तेव्हा त्यांच्या बुटांना हाच तळ होता. दोन हजार वर्षांचे खिळे पंधरा-वीस वर्षांत गेले. आज तुमच्या-आमच्या कुठल्याही ट्रेकिंगच्या बुटाला उलटं करून बघा, खाली ब्रामानीची नक्षी या ना त्या रूपात दिसेल. त्या खाचांमागे सहा माणसं आहेत, एवढं लक्षात असू द्यावं.

पण रबरालाही मर्यादा आहे. मऊ रबर कातळाला चिकटतं आणि लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या दगडावर घसरतं. म्हणजे 'टिकाऊ' आणि 'पकड' यांचं एका तळात पूर्ण जमत नाही. कुठेतरी मध्यावर थांबावं लागतं. आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ, उन्हाळ्यात घसारा आणि पावसात शेवाळं. इथे मी पकडीच्या बाजूने मत देईन. तळ झिजला तर पैसे जातात, पाय घसरला तर काय जातं ते सांगायला नको. आणि शेवाळ्यावर कुठलंच रबर धरत नाही, तिथे बुटावर नाही, डोळ्यांवर विसंबायचं.

आमच्या पिढीच्या बायकांच्या पायात बूट कधी आलेच नाहीत. शाळेच्या सहली घेऊन मी रायगडाच्या पायऱ्या चपलेतच चढले, साडी खोचून. माझ्यासोबतच्या शिपाईणबाई तर अनवाणी, आणि माझ्या पुढे! साडीखाली बूट पहिल्यांदा आले ते साठीनंतर, डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं तेव्हा. दुकानात गेले तर बायकांचे बूट म्हणजे पुरुषांचेच, लहान करून गुलाबी पट्टी लावलेले. पण बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. चवड्याला बरोबर बसलेला बूट टाचेला डुगडुगतो आणि उतारावर टाच सोलून निघते. मन्सननी दोन हजार पाय तपासले, ते सगळे पुरुषांचे होते. बायकांचा पाय विचारात घेऊन वेगळे साचे करायला बूटवाल्यांना अजून बराच वेळ लागला. नात, तू दुकानात हे तपासूनच घे.

आणि एक बाई सांगते, माझी आवडती. अमेरिकेतल्या ओहायोच्या एमा गेटवुड. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या घरातून एकट्या निघाल्या आणि 'अपालाचियन ट्रेल' ही दोन हजार मैलांहून लांब डोंगरवाट मे ते सप्टेंबर चालून पुरी केली. असं एकटीने, एका दमात करणारी ती पहिली बाई. पाठीवर हाताने शिवलेली एक पिशवी आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट. एक जोड फाटला की दुसरा, असे सहा-सात जोड त्या वाटेवर संपले. पुढे ती वाट त्यांनी आणखी दोनदा पुरी केली.

मग इतके सगळे साचे आणि तळ वायाच का? तसं नाही. गेटवुडबाईंनी जन्मभर शेतात काम केलेलं होतं, पाय तयार होते, आणि हलक्या बुटांचा फायदा त्यांना कळलेला होता. हिशेब मांडून बघा. दहा किलोमीटर चालायला साधारण १४,००० पावलं पडतात, म्हणजे एकेका पायाची ७,०००. बूट २०० ग्रॅमने जड असेल तर त्या दिवसात प्रत्येक पाय १,४०० किलो जास्तीचं उचलतो. (गणित आमच्या शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाईंकडून तपासून घेतलं आहे!) आपले वारकरी आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर साध्या चपलांनी जातात, काही अनवाणी जातात, तेही याच जोरावर. शहरातल्या फरशीवर वाढलेल्या पायाकडे तो जोर नाही. त्याला बुटाचा आधार हवा, पण तो नेमका हवा तेवढाच.

तर नातीसाठी, आणि इतर सर्वांसाठी, इतिहासाने दिलेली उत्तरं अशी.

बूट संध्याकाळी घ्यायला जावं. दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि डोंगरात तो फुगलेलाच असणार. ट्रेकला जे मोजे घालणार तेच घालून, उभं राहून माप बघावं. दोन्ही पायांचं बघावं. एक थोडा मोठा असतो, माप त्याचं धरावं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी होतात. टाच उचलली तर बुटाबरोबर उचलली जावी. दुकानात जिना असेल तर चढून-उतरून यावं, दुकानदार काही म्हणत नाही. 'घालून घालून सैल होईल' हे चामड्याच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, हल्लीच्या कृत्रिम कापडाच्या बुटांच्या बाबतीत फारसं नाही. दुकानात चावला तो डोंगरातही चावणार.

रोजच्या वापराला आणि सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या ट्रेकला घोट्याखालचा, हलका, खोल खाचांच्या तळाचा बूट पुरतो. हिमालयात पाठीवर ओझं घेऊन आठ दिवस जायचं असेल तर घोट्यावर येणारा, कडक तळाचा घ्यावा. तो घालून कॉलेजला जाण्यात अर्थ नाही. म्हणजे एकाच जोडाने सगळं होतं का? तुझ्या आजच्या गरजेपुरतं होतं. उद्या बर्फात जाणार असशील तेव्हा उत्तर बदलेल. पाणी आत न शिरणारे बूट महाग असतात आणि थंड देशात उपयोगी असतात, पण आपल्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून शिरतं आणि मग आतच राहतं. त्यापेक्षा लवकर वाळणारा बूट आणि पिशवीत मोज्यांचा जादा जोड बरा. खंदकातल्या सैनिकांचा धडा तोच आहे.

आणि टिकाऊपणाबद्दल. जुन्या चांगल्या बुटांचा तळ शिवलेला असायचा, झिजला की उसवून नवा लावता यायचा. हल्लीचे बहुतेक चिकटवलेले असतात. नवा जोड आणला की आधी कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांकडून तळाला कडेने शिलाई मारून घ्यावी. थोड्या पैशांत बुटाचं आयुष्य वाढतं. दुसरं, बूट जपून कपाटात ठेवले की जास्त टिकतात असं वाटतं, ते तसं नाही. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. दमट हवेत तो नुसता पडून पडून आतून कुजतो आणि एक दिवस भुगा होतो. आमच्या एका भाच्याचे जवळजवळ कोरे दिसणारे, चार-पाच वर्षं कपाटात ठेवलेले बूट भर गडावर तळ सोडून मोकळे झाले. बिचारा सुतळीने बांधून उतरला. बूट वापरावेत, वापरून वाळवावेत, आणि जुना जोड ट्रेकआधी दोन दिवस रस्त्यावर घालून बघावा.

वडीलधाऱ्यांना वेगळं सांगते, कारण हा भाग माझ्याही वयाचा आहे. वयाबरोबर पाय पसरतो; वीस वर्षांपूर्वीचा नंबर आज तुमचा राहिलेला नसतो. खूप मऊ, उशीसारख्या तळाने बरं वाटतं, पण पायाखालची जमीन नीट कळत नाही आणि तोल जातो. मधुमेह असेल तर बूट चावलेलाही कळत नाही. म्हणून रोज रात्री पायाचे तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगायचं. यात लाज कसली? या वयात एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं, की पुष्कळांचं चालणं कायमचं जातं. माझ्या ओळखीच्या तिघींचं गेलं. चालणं गेलं की बाजार जातो, देऊळ जातं, मैत्रिणी जातात, आणि मग माणूस खिडकीतून रस्ता बघत बसतो.

'पायीची वहाण पायीच बरी' अशी आपल्याकडे म्हण आहे. वहाण म्हणजे काहीतरी हलकं, तिची जागा खालची, असा तिचा सूर. ती बनवणाऱ्यालाही आपण पिढ्यान्पिढ्या खालीच बसवलं. मला ती म्हण आवडत नाही. आपला सगळा भार वाहते ती वस्तू आणि ती घडवणारे हात, या दोघांकडे जरा आदराने बघायला काय हरकत आहे?

नातीला घेऊन येत्या शनिवारी संध्याकाळी दुकानात जायचं ठरलं आहे. मलाही नवा जोड घ्यायचा आहे. एमाबाईंनी वाट धरली त्याहून मी सात वर्षांनी मोठी आहे. दोन हजार मैल काही जमणार नाहीत, पण ब्रह्मगिरीच्या पायऱ्या या हिवाळ्यात एकदा चढाव्यात असं मनात आहे. हळूहळू, काठी घेऊन. नात म्हणते ती बरोबर येईल.